साफ्ट, घरचा, गढूळ

"नव्वी गेली होती, गेबहार्ड! हुकमाची नव्वी! तिसऱ्याच हाताला गेली, मी स्वतः टाकली!"

ओटमारने उरलेले पत्ते टेबलावर आपटले. गेबहार्ड खानावळीच्या खिडकीतून बाहेर बघत होता. सरोवरावरून नोव्हेंबरचं धुकं चढून सफरचंदांच्या बागांत शिरलं होतं आणि झाडं एकेक करून नाहीशी होत होती. ते बघताना मन कसं निवांत होत होतं. नव्वीचं काय झालं, ते मात्र त्याला काही केल्या आठवेना.

"आठवत नाही," तो म्हणाला.

"ते दिसतंयच! अरे, चाळीस वर्षं तू माझा भिडू, म्हणून इतके दिवस गप्प बसलो. आता सेंट मार्टिनच्या सणाच्या स्पर्धेला दहा दिवस राहिले. तिथं असा घोळ घातलास तर पुढच्या वर्षापासून मी रेतोला घेऊन बसणार. सांगून ठेवतो!"

रेतो म्हणजे ओटमारचा जावई. शाळेत गणित शिकवायचा आणि यास खेळताना, म्हणजे आमच्याकडचा हा पत्त्यांचा डाव, छत्तीसच्या छत्तीस पत्ते डोक्यात ठेवायचा. गेबहार्ड पडलेल्या चेहऱ्याने घरी आला. गायी, बाग आणि मंगळवार दुपारचा यास, एवढंच त्याचं जग होतं, आणि त्यातला यास हातचा चालला होता. त्याला फार वाईट वाटत होतं.

इद्दाने नवऱ्याचं तोंड बघितलं, त्याला कोट चढवायला लावला आणि थेट डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

डॉक्टर हिन्रिक्स त्या उन्हाळ्यातच गावात आले होते, पार उत्तरेकडून, समुद्रकाठच्या कील शहरातून. माणूस सज्जन. त्यांनी गेबहार्डचा रक्तदाब बघितला आणि त्याला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितलं. गेबहार्ड शहाऐंशीपर्यंत नीट आला आणि मग बाहेरच्या नासपतीच्या झाडाकडे बघत बसला.

"घाबरण्यासारखं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "वय झालं की होतं असं. रोज सकाळी एक ग्लास साफ्ट घ्या. त्याने डोकं तरतरीत राहतं, लक्ष लागतं, असं हल्ली बरंच लिहून येतंय. लांब गाडी चालवायची असली की मी स्वतः घेतो."

"साफ्ट?" इद्दाने विचारलं. "सकाळी?"

"उपाशीपोटी घेतला तरी हरकत नाही."

"घरचा चालेल?"

"घरचा तर उत्तमच! आणि गाळू नका हं. जितका गढूळ तितका गुणकारी."

आता डॉक्टरांच्या मुलखात साफ्ट म्हणजे साधा फळांचा रस, पोराबाळांना पाजायचा. आमच्या या थुरगाऊ परगण्यात त्याला गोड मोश्त म्हणतात. साफ्ट म्हणायचं ते हाच रस तळघरातल्या पिंपात महिनोन्‌महिने मुरून, आंबून, चांगला चढायला लागला की मग. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, आणि म्हणूनच ते डॉक्टरांना सांगायला हवं असं कुणाच्या मनातही आलं नाही.

अकरा वर्षांपूर्वी पुतण्याच्या लग्नाहून येताना गेबहार्डने ट्रॅक्टर सरोवरात घातला होता. तेव्हापासून तळघराची किल्ली इद्दाच्या खिशात होती. पण डॉक्टरांनी सांगितलंय म्हटल्यावर बाई मागे हटणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ती स्वतः जग घेऊन खाली उतरली आणि पिंपाच्या अगदी तळाचा, दाट, गढूळ साफ्ट भरून घेऊन आली.

"घे. एका दमात."

"इद्दा, तुला बरं वाटतंय ना?"

"मला बरंच वाटतंय. औषध तुला दिलंय."

पुढचे दिवस गेबहार्डच्या आयुष्यातले फार सुंदर दिवस होते. सकाळ व्हायची ती जणू कापसात गुंडाळलेली. गोठ्यात गायींचा ऊबदार वास यायचा, आणि तो प्रत्येक गायीला तिच्या आजीच्या नावाने हाक मारायचा. दूध काढता काढता तो कपाळ तिच्या कुशीला टेकायचा आणि त्याला लहानपणीची गाणी आठवायची. पत्र टाकायला निघालेला माणूस तासाने परत यायचा तो हातात पत्र घेऊनच, पण चेहऱ्यावर असं समाधान की इद्दाला त्याच्यावर ओरडवत नसे.

"गुण येतोय का?" ती विचारायची.

"डोकं अगदी हलकं झालंय बघ. आत काही म्हणून शिल्लक नाही."

इद्दाने डॉक्टरांना फोन केला. "साफ्ट चालू आहे, पण हा अजून विसरतोच."

"मग दोन ग्लास करा. संध्याकाळी मात्र देऊ नका, तरतरी येते, झोप उडेल."

"झोप? अहो, तो बसल्या बसल्या पेंगतो!"

"असं? म्हणजे शरीर अजून सरावलेलं नाही. लागलं तर तीन करा."

इद्दाने हिशेब केला. एका ग्लासाला एक सकाळ, तर दुपारभर चालणाऱ्या स्पर्धेला चार तरी हवेतच.

सेंट मार्टिनच्या दिवशी दुपारी दोन वाजता खानावळ गच्च भरली. गावाशी ओळख वाढावी म्हणून डॉक्टर हिन्रिक्सही आले आणि इद्दाच्या शेजारी बसले.

"मार्लीसबाई, एक मोठा साफ्ट," त्यांनी मालकिणीला हाक मारली. "गाडी चालवायची आहे, म्हणून दुसरं काही नको."

"गाडी चालवायची आहे म्हणून?" मार्लीसने दोनदा विचारलं. डॉक्टरांनी दोनदा मान हलवली. उत्तरेकडची रीत असेल असं म्हणून तिने ग्लास भरून आणला.

पलीकडच्या टेबलावर खेळ सुरू झाला. समोर शेजारच्या गावचे दोघे भाऊ होते, खेळताना पापणीही न हलवणारे. गेबहार्डच्या हातातले पत्ते मात्र त्याच्याशी बोलायला लागले होते. बदामराणी तर इतकी ओळखीची वाटली की तिला त्या दोघा भावांपुढे एकटीला टाकावं असं त्याच्या जिवावर आलं. त्याने ती शेवटपर्यंत जपून ठेवली. ओटमार आता ओरडणार, मग ओरडणार, म्हणून तो वाट बघत होता. पण ओटमार छताकडे बघून मंद हसत होता आणि स्वतःच्या पाळीला, "कोण, मी?" असं विचारत होता.

चार वाजेपर्यंत दोघं शेवटच्या क्रमांकावर जाऊन पोचले. भाऊ हात मिळवून निघून गेले.

तेवढ्यात तिसरा मोठा ग्लास संपवून डॉक्टर उठले आणि कोटाच्या बाहीत हात घालायला लागले. बाही काही सापडेना.

"मार्लीसबाई, इकडचा रस जरा आंबूस आहे," ते म्हणाले. "पण माणूस कसा तरंगायला लागतो! हा सफरचंदाचा रसच ना?"

"साफ्ट आहे. रस हवा होता तर गोड मोश्त मागायचात. पोरं पितात तो."

डॉक्टर सावकाश खाली बसले. त्यांनी आधी ग्लासाकडे बघितलं, मग गेबहार्डकडे.

"तुम्ही... रोज सकाळी... हा?"

"आज चार ग्लास," इद्दा अभिमानाने म्हणाली. "गढूळ."

"अरे देवा! बंद करा! आजपासून एक थेंब नको. चूक सगळी माझी आहे, इद्दाबाई, मी तुमची माफी मागतो."

मग ओटमारने हळूच विचारलं, "म्हणजे मीसुद्धा बंद करू का?"

टेबलाभोवतीची सगळी डोकी त्याच्याकडे वळली. ओटमार कानापर्यंत लाल झाला.

"तुला रे कुणी सांगितला होता?" गेबहार्ड म्हणाला.

"यांनीच. तुझ्याआधी पंधरा दिवस गेलो होतो." ओटमार पत्त्यांच्या कडा नीट करत बसला. "दोन वर्षं झाली, मला कुठला पत्ता गेला ते आठवत नाही. आपण आधी ओरडलं की मग आपल्याला कुणी विचारत नाही."

गेबहार्डला खरं तर राग यायला हवा होता. पण त्याला इतका आनंद झाला की डोळेच भरून आले. आपण एकटेच धुक्यात नव्हतो म्हणायचं. पण ते ओटमारला इतक्यात कळू द्यायचं नव्हतं.

"मग आता पुढच्या वर्षी कुणाला भिडू घ्यायचं, ते मला बघायला हवं," तो म्हणाला. "रेतो कसा आहे? त्याच्या लक्षात राहतं म्हणे."

ओटमारचं तोंड एवढंसं झालं. "रेतोशी तुझं नाही जमायचं. तो खेळताना शिट्टी वाजवतो."

"वाजवतो?"

"सारखी."

"मग राहू दे." गेबहार्डने डॉक्टरांसाठी आपल्या टेबलाशी खुर्ची ओढली. "या, डॉक्टरसाहेब, गाडी आज इथंच राहू द्या. तुम्ही इद्दाचे भिडू."

"पत्ते कुणी वाटायचे?" इद्दाने विचारलं.

"मघाशी मी वाटले होते," ओटमार म्हणाला. "आता हा वाटेल."

"छे, मघाशी मी वाटले."

"नाही रे, मी. का तू?"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी गड्डी मधोमध कापून त्यांनी अर्धे-अर्धे पत्ते वाटले.