येऊन राहिली

आधी नाव सांगतो, मग बाकीचं. कटरे काकाजी. आमगावात स्टेशनच्या रस्त्यावर ज्यांचं सायकलचं दुकान आहे, ते. नववीत शाळा सोडलेल्या, चारचौघांत बोलायचं म्हटलं की पाय लटपटणाऱ्या माझ्यासारख्याच्या हातात त्यांनी माईक दिला. हे उपकार कसे फेडायचे, याची मला काळजी आहे. तशी मला काळजीला कारण लागत नाही.

मी राधानगरीकडचा. कोल्हापूरहून निघालेली गाडी गोंदियाला संपली, म्हणून उतरलो. पुढं आमगावच्या राइस मिलमध्ये काम मिळालं आणि काकाजींच्या दुकानामागं खोली.

काकाजी चाकाचा एकेक स्पोक बोटानं छेडतात, कान लावतात आणि म्हणतात, "हा ढिल्ला आहे." तो असतोच. त्याच कानानं ते रोज संध्याकाळी सहाला युकुलेले सुरात लावतात. म्हणजे चार तारांची बारकी गिटार. आमगाव तिला 'गिटारीचं पोट्टं' म्हणतं, गिटारीचं पोर. आठ जण वाजवतात, दुकानात, टायरांच्या खाली बसून. शाळेत, दवाखान्यात, कोणाच्या नामकरणात, जिथं बोलावतील तिथं जातात. स्टुलं मांडायची, न आलेल्याला फोन लावायचा, हे माझं काम.

कोणी चुकीचं वाजवलं तर काकाजी ओरडत नाहीत. पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधतात तसे डोळे मिटून एकेकाजवळ कान नेतात. "इथून बुडबुडे निघून राहिले." पानठेलेवाला पुरन लगेच बोटं बदलतो. ताल सुटला की "चैन उतरली". आवाज पडला की "हवा भरा". सरकारी दवाखान्यातल्या मेश्राम सिस्टर तेवढ्या उलटून बोलतात, "काकाजी, आमी सायकली नाही आहो."

"म्हणून तर तरास आहे. सायकल ऐकते."

मला त्यांनी सायकलची घंटी दिली. "तुले ताल समजते बावा. पाय हालूनच राहिला तुहा." तो भीतीनं हलत होता, हे मी सांगितलं नाही.

पहिल्या दिवशी एक खुर्ची रिकामी दिसली. स्टूल नाही, खुर्ची. तिच्यावर एक युकुलेले ठेवलेलं. मी उचलून बसणार, तेवढ्यात काकाजी म्हणाले, "तिथं नोको बसू. माही रजनी येऊन राहिली."

आमच्याकडं याचा अर्थ एकच. पोरगी माहेरी आलीय आणि राहिलीय. मग मी महिनाभर केस विंचरून दुकानात जायचो. खोकून आत शिरायचो. भजी आणली की एक पुडी जास्त आणायचो, "ताईंना द्या." काकाजी माझ्याकडं बघायचे आणि गुपचूप पुडी ठेवून घ्यायचे. एकदा विचारलं, "ताई बऱ्या आहेत ना?" म्हणाले, "हो जी. येऊन राहिली."

शेवटी मी सिस्टरना म्हणालो, "ताई कधी दिसत नाहीत हो." सिस्टर पोट धरून हसल्या. "अवो, येऊन राहिली म्हणजे येत आहे! आली नाही अजून."

"मग कधीपासून येताहेत?"

सिस्टरांचं हसू थांबलं. "चार वर्सं झाले."

पोरीनं बंगलोरला आपल्या मर्जीनं लग्न केलं. काकाजी रागात फोनवर "येऊ नोको" म्हणाले. तिनं ऐकलं. सायकलीसारखं. तिचं युकुलेले घरी राहून गेलं होतं. काकाजींनी मोबाइलवर बघून बघून शिकून घेतलं. एकटीनं वाजवायला मजा येत नाही, असं ती म्हणायची म्हणे. म्हणून मग त्यांनी गल्लीतून आठ माणसं गोळा केली. एकही वाजवणारा नव्हता.

दिवाळीनंतर इकडं गावोगाव मंडई भरते. जत्राच ती. सासरच्या पोरी तेव्हा माहेरी येतातच. यंदा मंडईत आमचा कार्यक्रम ठरला. काकाजींनी चार वर्षांत पहिल्यांदा रजनीताईला मेसेज केला. उत्तर आलं, "बघते." तेवढ्यावर त्यांनी खुर्चीला नवा रंग दिला.

"माईक तू धर," मला म्हणाले. "तुही पुस्तकातली भाषा आहे."

"काकाजी, मी नववी नापास."

"मी सातवी. धर."

मंडईच्या दिवशी दुपारची पॅसेंजर आली आणि गेली. मंडप भरला होता. काकाजींनी मला यादी दिली. नाव आणि पुढं कोण काय वाजवतं ते. घाबरलो की मी समोर असेल ते वाचतो. पुरन, युकुलेले. मेश्राम सिस्टर, युकुलेले. असं वाचत शेवटच्या ओळीवर आलो आणि माईकवर मोठ्यानं वाचलं, "रजनी. येऊन राहिली."

सगळ्या मंडपानं स्टेशनच्या रस्त्याकडं माना वळवल्या. रस्त्यानं एक फुगेवाला येत होता. पुढून एक म्हातारी म्हणाली, "कुठं आहे वो?" कोणीच हसलं नाही.

काकाजी उठले. आता हे माईक काढून घेणार, असं मला वाटलं. त्यांनी माझ्याच हातातल्या माईकला तोंड लावलं. "गाडी लेट आहे. तवरिक ऐका." मग मला हळूच, "मार घंटी."

आम्ही वाजवलं. त्या दिवशी बुडबुडे काकाजींकडूनच निघत होते. कोणी कान नेला नाही.

संध्याकाळी आईचा फोन आला. "कधी येतोस रे?" तोंडातून निघून गेलं, "येऊन राहिलो, आई."

"राहिलास? कुठं राहिलास?"



काकाजी, एक दिवस मी रजा काढून बंगलोरला जाईन. रजनीताईंच्या दारात उभा राहीन. पाय हलतील, हलू देत. तुम्ही दिलेल्या आवाजात सांगेन, "ताई, खुर्ची मी रोज पुसतो, तारा काकाजी रोज लावतात, तुम्ही फक्त बसायला या." काकाजी, तुमचं देणं मी तसंच फेडीन.