गावंडे सरांची काचेची तार

धामणगाव बढ्याच्या एका लग्नात आमच्या गावंडे सरांनी नवरदेवाच्या मामांना बाजूला घेतलं, खिशातून झाकणाची छोटी बाटली काढली आणि अदबीनं विचारलं, "मामाजी, उद्या सकाळची पहिली लघवी भेटन काय?" मामाजींच्या हातातली जिलबी तोंडापाशीच थांबली. मी सरांसोबत आलेली. तोंड कुठं लपवू असं झालं मला!

गावंडे सर मलकापूरच्या आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. मी मराठी शिकवते, आणि राहते त्यांच्या शेजारी. म्हणजे हे सगळे भोग माझेच. माणूस एकटा. स्वयंपाकघरात प्रयोगशाळा थाटलीय, त्यामुळे चहाला माझ्याकडे.

त्या प्रयोगशाळेत असतं काय, तर केसाहून बारीक काचेची तार. इंटरनेटच्या केबलमध्ये असते तीच. सर ती ज्योतीवर धरून आणखी बारीक ओढतात, तिच्यावर एक खास लेप चढवतात. एका टोकातून उजेड सोडायचा, दुसऱ्या टोकाला मोजायचा. किडनी बिघडायला लागली की लघवीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन उतरतं. ते त्या लेपाला चिकटलं की उजेड बदलतो, अन् कॉम्प्युटरवरची सरळ रेघ खाली वाकते. माणसाला काही त्रास जाणवायच्याही आधी! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला माझ्या, खोटं कशाला सांगू? धड डोळ्यांना दिसतही नाही, आणि पोटातलं सांगते ही बया.

"उजेड खोटं नाही बोलत, ताई," हे सरांचं पालुपद.

वाऱ्यानं तार तुटते म्हणून ऐन मे महिन्यात पंखा बंद. आपण घामानं निथळत उभं राहायचं, वर "श्वास हळू घ्या" ही ताकीद. घरामागं रेल्वेलाइन. मालगाडी आली की टेबल थरथरतं, रेघ नाचायला लागते आणि सर दोन्ही हात वर करून ओरडतात, "थांबा हो! मालगाडी जाऊन राह्यली!" जशी काही ती मीच सोडलीय.

पोस्टमन, सरपंच, खुद्द आमचे प्राचार्य, सगळ्यांकडून त्यांनी बाटल्या भरून आणल्या. प्रत्येक निकाल दवाखान्यातल्या तपासणीशी ताडून पाहिला. या माणसाला लाज म्हणून नाहीच, असं मी येताजाता म्हणायची.

एक दिवस चहा निवला तरी सर कप उचलेनात. "ताई, संग्रामपूरकडं चालता काय माह्यासंग? वयनीचं सँपल पायजे."

"मग मागा की! अख्ख्या जिल्ह्याला मागता."

"तिले कसं मागू? तिनं मले न्हाऊमाखू घातलं."

मग कळलं. आईवडील लहानपणीच गेले. थोरल्या भावानं आणि वहिनीनं वाढवलं. गाव खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातलं, तिथं घरोघरी किडनीचे आजार. भावाच्या किडन्या गेल्या, आणि कळलं तेव्हा हातात काहीच उरलं नव्हतं. वहिनी अजून तिथलंच पाणी पिते. गाव सोडायला तयार नाही. तिच्यासाठीच सगळा खटाटोप, अन् तिच्यापुढंच जीभ रेटेना!

गेलो. वहिनी दारातच म्हणाल्या, "काऊन रे गजू, किती वाळला!" मी त्यांना आत नेऊन सांगितलं. पदर तोंडाला लावून हसल्या. "येवढा साहेब झाला, अन् मले भेते?"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांची बाटली मलकापूरला टेबलावर आली. सरांनी तार बुडवली आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. "तुम्हीच पाहा, ताई."

रेघ सरळ चालली, चालली, आणि हळूच खाली वाकली. थोडीशी.

"वाकली, सर."

"मालगाडी जाऊन राह्यली असन."

मी कान दिला. लाइन अगदी शांत होती.

"गाडी नाही, सर."

माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. सर वळले, वाकून रेघ पाहिली, बाहीला नाक पुसलं. "थोडीशीच वाकली ना? म्हणजे वेळ हाये, ताई. या खेपी वेळ हाये."

लगेच फोन लावला. "वयनी, उद्या घ्याले येतो तुले. डॉक्टरले दाखवा लागते. नाही, दादासारखं नाही. लवकर कळलं, वयनी, लवकर." मग पलीकडून काहीतरी विचारलेलं दिसलं. "हाव, जेवलो ना! पोटभर जेवलो."

सकाळपासून त्यांच्या पोटात अन्नाचा कण नव्हता. मी ताट वाढायला उठले.