प्रशिक्षण झाले आहे, परवानगी नाही

काळाचौकीच्या नाक्यावर परबकाकांचं औषधांचं दुकान आहे. तिथे तुम्ही डोकं धरून उभे असलात तरी काका आधी विचारतात, "नाव? पूर्ण सांगा." मग औषध कुठलं, किती, कसं आणि कधी घ्यायचं, हे गिऱ्हाइकाने म्हणून दाखवायचं. चुकलं की पुन्हा पहिल्यापासून.

"अहो काका, तुमच्या लग्नात वाढायला होतो मी!" शेजारचे तावडे एकदा वैतागले.

"माहीत असलं तरी विचारायचं," काका म्हणाले. "चुकीच्या गोळ्या ओळखीच्याच माणसांच्या पोटात जातात."

मी एकदा मोर्चाचं पत्रक द्यायला गेले. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं. "अन्यायाबद्दल सगळं आहे गो. किती वाजता जमायचं, तेवढं नाही."

खरंच नव्हतं.

काउंटरमागे एक फ्रेम आहे. काका आठवडाभर वडाळ्याला जाऊन इंजेक्शन द्यायला शिकून आले, त्याचं प्रमाणपत्र. खाली त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलंय : 'प्रशिक्षण झाले आहे. परवानगी नाही. आग्रह करू नये.'

आग्रह करायची वेळ माझ्यावर आली. आजीला इन्सुलिन सुरू झालं. रोज दोनदा टोचायचं आणि घरात आम्ही दोघीच. तिचे हात थरथरतात. मी पोलिसांसमोर घोषणा देते, पण सुई दिसली की तोंड फिरवते.

"काका, तुम्ही टोचा."

"फ्रेम वाच."

मी भडकले. "शिकलेल्या माणसाने हात बांधून बसायचं आणि म्हातारीची साखर वाढू द्यायची? असला नियम जाळला पाहिजे!"

"बदलला पाहिजे," काका म्हणाले. "त्यासाठी मी अर्ज करतोय. बदलेपर्यंत पाळायचा. पण घरच्या माणसाने शिकून टोचायला कुणाची आडकाठी नाही. डॉक्टरची चिठ्ठी आण. आणि एक मोसंबं."

चार दिवस दुपारी मी मोसंब्याला पाणी टोचत होते. दर वेळी काका त्याला नाव विचारायला लावत.

"ते काय सांगणार, काका?"

"ते नाही सांगणार. तुला सवय लागेल."

मग त्यांनी माणसाच्या आकृतीचा एक कागद दिला. पोट, मांड्या, दंड. रोज जागा बदलायची आणि जिथे टोचलं तिथे तारीख लिहायची. "एकाच जागी टोचत राहिलं तर गाठी होतात. मग औषध नीट लागत नाही."

पाचव्या दिवशी सुई भरून आजीसमोर बसले. "नाव सांगा."

"तुझं नाव मी ठेवलं, आणि तू माझं विचारतेस?" आजी कडाडली. मग तिला दिसलं, सुई माझ्या हातात आणि तोंड भिंतीकडे. "तानाबाई गौतम कांबळे," ती हळूच म्हणाली. "टोच, बाय."

महिन्याभरात कागद भरला. नवा मागायला दुपारी गेले, तर शटर अर्धं खाली होतं. वाकून आत शिरले. काका स्टुलावर बसलेले, हातात भरलेली सुई, सदरा वर केलेला.

"नाव?" त्यांनी स्वतःलाच विचारलं. मी दिसताच त्यांनी सुई खाली घेतली.

त्यांनाही इन्सुलिन आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. समोरच्या कपाटाच्या दाराला आतून तोच आकृतीचा कागद चिकटवलेला. पोटावर तारखांची नुसती दाटी. मांड्यांवर थोड्या. दोन्ही दंड कोरे.

"दंड कोरे का, काका?"

"एका हातात सुई, दुसऱ्यात टोचायचं. चिमटीत कातडी धरायला आणखी एक हात लागतो." त्यांनी सदरा खाली ओढला. "तुझी काकी होती तोवर लिहायचो तिथेही."

"पोटाला गाठी झाल्यात?"

"होणारच. शिकवलंय ना तुला."

मी मोरीवर साबणाने हात धुतले, पुसले आणि सुईसाठी हात पुढे केला. "नाव सांगा."

"थांब गो," काका म्हणाले. "नियमात बसायला हवं. टोचणारं माणूस घरचं लागतं."

"माहीत आहे."

काकांनी सुई माझ्या हातात दिली. मग डावी बाही वर गुंडाळू लागले. साधीच बाही, पण त्यांना बराच वेळ लागला.

"दिगंबर विठ्ठल परब," ते म्हणाले.