भोपळ्या खाली बसला

समिती येणार असं कळलं आणि सरहद्दीच्या नाक्यावर सगळ्यात आधी कुंड्यांना रंग लागला. मग दगडांना लागला. तरी रंग उरला, म्हणून झाडांचे बुंधेही सुटले नाहीत. कुणी शिपाई घटकाभर स्वस्थ उभा राहिला तर त्याच्यावरही एक हात मारतील की काय, अशी परिस्थिती होती.

समिती संसदेची होती. सरहद्दीवरचे नाके, तिथली माणसं, यंत्रं, कुत्री यांचं काम नीट चाललंय का, हे डोळ्यांनी बघायचं आणि संसदेला सांगायचं, हे तिचं काम. या खेपेला प्रश्न एकच होता. नाक्यावर वास घेणारं कुत्रं ठेवायचं, की त्याच्या जागी नवं यंत्र आणायचं?

नाक्याचं श्वानपथक म्हणजे एक हवालदार आणि एक कुत्रा. कागदावर कुत्र्याचं नाव भारदस्त होतं, पण त्याचा एकंदर घेर बघून सगळे त्याला भोपळ्या म्हणत. ड्युटी संपली की तो हवालदाराच्या घरी जाई आणि त्याच्या आईच्या पायाशी पसरे. यंत्र आलं तर भोपळ्याची रवानगी कुठल्या तरी लांबच्या गोदामाच्या राखणीला होणार, हे ठरलेलं.

"तो गेला तर मीही जाते त्याच्याबरोबर," आईनं सकाळीच बजावलं होतं. "तू बस मग त्या यंत्राशी गप्पा मारत."

"अगं आई, पण तो जायचाच नाही! आजवर एकदा तरी चुकलाय का?"

हे मात्र खरं होतं. स्फोटकाचा वास आला की भोपळ्या भुंकत नसे, मुकाट्यानं समोर खाली बसे. आणि तो ज्याच्यासमोर बसेल त्यानं झडती होईपर्यंत हलायचं नाही, असा नाक्याचा नियम. हे सगळं हवालदारानं त्याला घरीच शिकवलं होतं. स्फोटकाच्या नमुन्याची चिमूटभर पूड कापडी थैलीत घालायची, थैली कधी बुटात, कधी कपाटामागे, कधी उशीखाली लपवायची. थैल्या आई शिवून देई. भोपळ्या प्रत्येक वेळी थैलीपाशी जाऊन बसे आणि बिस्कीट खाई. घेर तसा उगीच वाढला नव्हता.

समितीची गाडी आली. सदस्य उतरू लागले. आधी एक पाय, मग थोडा विचार, मग दुसरा पाय. सगळ्यांत पुढे अध्यक्षबाई. मागे एक खासदार, ज्यांच्या प्रत्येक निवडणुकीच्या फलकावर ते धावताना दिसायचे. त्यांच्या मागे तरुणपणी कुस्ती खेळलेले आणि अजून सगळ्यांना 'पैलवान' म्हणून माहीत असलेले विरोधी पक्षाचे खासदार. असे आणखी काही वडीलधारे. सगळ्यांत शेवटी टुणकन उडी मारून एक तरुण खासदार उतरले. यंत्र आणा, यंत्र आणा म्हणून ज्यांनी घोशा लावला होता, ते हेच.

नाक्याच्या साहेबांनी बॅगा रांगेनं मांडून ठेवल्या होत्या. एकीत पूड होती. "सोडा कुत्रा," साहेब ऐटीत म्हणाले.

हवालदारानं पट्टा सोडला. भोपळ्यानं हवेत नाक वर केलं. बॅगांकडे ढुंकूनही न बघता तो थेट समितीकडे गेला आणि धावणाऱ्या खासदारांसमोर शांतपणे खाली बसला.

"हलू नका!" हवालदाराच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

साहेबांचा चेहरा रंगवलेल्या दगडासारखा पांढरा पडला. "अरे, खासदार आहेत ते!" ते दातांतल्या दातांत म्हणाले.

"साहेब, पण नियम..."

"कुणी केला हा नियम?"

"तुम्हीच, साहेब. भिंतीवर लावलाय ना."

अध्यक्षबाईंना मोठी गंमत वाटली. "नियम म्हणजे नियम. घ्या झडती. आम्ही कायदे करतो म्हणून काय कायद्याच्या वर आहोत?"

झडतीत एक कंगवा, एक रुमाल आणि स्वतःचेच धावतानाचे काही फोटो निघाले. भोपळ्या उठला, पुढे गेला, पैलवानांसमोर बसला.

"आता माझी पाळी होय?" पैलवानांनी हात वर केले. "घ्या बाबा. पण गुदगुल्या नका करू, मला सहन होत नाहीत."

त्यांच्याकडेही काही नाही. मग भोपळ्या त्यांच्या शेजारच्यांसमोर बसला, मग त्यांच्याही शेजारच्यांसमोर. जवळजवळ सगळी सुरक्षा समिती हात वर करून उन्हात उभी! कामकाज लिहून घेणाऱ्या बाई पेन थांबवून म्हणाल्या, "हे पण लिहायचं का?"

"सगळं लिहा," अध्यक्षबाई हसत म्हणाल्या, आणि त्यांचं हसू तिथंच गोठलं. भोपळ्या त्यांच्यासमोर नुसता बसला नाही; त्यानं त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं आणि डोळे मिटून सुस्कारा सोडला.

तो सुस्कारा हवालदाराच्या ओळखीचा होता. रोज जेवण झाल्यावर घरात तोच ऐकू येई. कुत्र्याला मागे ओढायला तो वाकला आणि वास त्याच्या नाकात भसकन शिरला. कापूर, पुदिना आणि डोळ्यांतून पाणी काढणारं आणखी काहीतरी. घरचा वास. आईचा वास. गुडघ्याला चोळायचं मलम! हवालदाराच्या पायाखालची जमीन सरकली.

तेवढ्यात तरुण खासदार पुढे आले. त्यांनी खिशातून पत्र्याची एक डबी काढली. "ही बघा खरी पूड. सकाळपासून माझ्या खिशात आहे. मुद्दामच ठेवली होती. हा तुमचा हुशार कुत्रा माझ्याजवळून दोनदा गेला, माझ्या पँटला नाक पुसलं आणि निघून गेला. आता तरी आणा यंत्र!"

साहेब खुर्चीत बसले. खुर्ची तिथं नव्हती, हे त्यांना खाली पोचल्यावर कळलं.

"हवालदार," अध्यक्षबाई गंभीर होऊन म्हणाल्या, "संसदेच्या समितीपुढे खोटं बोलणं गुन्हा आहे, ठाऊक आहे ना? मग खरं सांगा. हा कुत्रा आमच्यासमोर का बसला?"

हवालदारानं भोपळ्याकडे बघितलं. भोपळ्यानं बिस्किटाच्या आशेनं त्याच्याकडे बघितलं.

"बाई, तो... मलमाला बसला."

"कसल्या मलमाला?"

"गुडघेदुखीच्या. थैल्या माझी आई शिवते. शिवायला बसायच्या आधी ती गुडघ्यांना मलम चोळते, मग त्याच हातानं थैली. पूड चिमूटभर आणि मलम वाटीभर. मला वाटत होतं हा पूड शोधतोय. हा आईला शोधत होता, बाई."

मग सगळे एकदम बोलले.

"मी रोज पहाटे धावतो!" धावणारे खासदार ओरडले. "मला कशाला लागतंय मलम?"

"माझे गुडघे लोखंडाचे आहेत!" पैलवान गरजले.

"म्हणूनच कुरकुरतात," शेजारून कुणीतरी पुटपुटलं.

निवडणूक तोंडावर आली होती. गुडघे धरून बसणाऱ्याला मत कोण देणार?

तरुण खासदार तर खुशीत आले. "ठीक आहे. मलम कुणीच लावलेलं नाही. मग कुत्रा कशाला बसला? म्हणजे स्फोटकंच असणार! बाई, लिहा. समितीच्या सदस्यांकडे एक तर मलम आहे, नाही तर स्फोटकं. दोन्हींपैकी काय ते त्यांनीच सांगावं."

"काय लिहू?" लिहिणाऱ्या बाईंनी निरागसपणे विचारलं.

पण अध्यक्षबाईंचे केस काही उन्हानं पांढरे झाले नव्हते. त्यांनी भोपळ्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "तरुण मित्रा, ही डबी आणायची परवानगी कुणाची घेतली होतीस?"

"अं? ती... चाचणी म्हणून..."

"आमच्याच गाडीतून आणलीस ना? माझ्या शेजारी बसून? खड्ड्याखड्ड्याला माझ्या अंगावर आदळत होतास, तेव्हा खिशात हेच होतं? लिहा हो बाई, एक सदस्य परवानगीशिवाय स्फोटकं घेऊन..."

"नको, नको! ते नका लिहू!"

"बरं. मग आमचंही नको. काय लिहायचं ते मी सांगते." अध्यक्षबाईंनी घसा साफ केला. "हा कुत्रा पद, पक्ष, वय काही बघत नाही. खुद्द समितीची झडती घ्यायला लावायची छाती त्याच्यात आहे. असं धैर्य कुठल्या यंत्रात असणार? श्वानपथक चालू राहावं. कुणाचा विरोध?"

कुणाचाच नव्हता. उभा जन्म एकमेकांना पाण्यात पाहणारे पैलवान आणि धावणारे खासदार एका सुरात "मंजूर!" म्हणाले. हवालदाराला रडू आणि हसू एकदमच आलं. त्यानं भोपळ्याला मिठी मारली. दोन माणसांचे हातही त्या घेराभोवती पुरले नसते, पण त्यानं प्रयत्न केला.

"माझी एक छोटी सूचना आहे," तरुण खासदार गोड आवाजात म्हणाले. "इतका निःपक्षपाती कुत्रा असा आडबाजूला कशाला? याला संसदेच्या दारावर नेमा. सदस्यांच्याच दारावर."

सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पण विरोध करायचा तर कारण सांगावं लागणार! हात एकेक करून वर गेले, माना एकेक करून खाली.

आईला हे कळलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं, "भोपळ्यासकट जायचं ना? मग चल, सामान बांध."

नव्या थैल्या शिंप्याकडून शिवून घेतल्या. भोपळ्या खरी पूडही ओळखायला शिकला, अगदी चोख शिकला. पण जुनी माया काही त्यानं सोडली नाही.

अधिवेशन सुरू झालं. संसदेच्या दारावर सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे, आणि कॅमेऱ्यांच्या पुढ्यात भोपळ्या. त्याच्यासमोर हात वर करून उभं राहायची हौस कुणाला होती? सगळ्या वडीलधाऱ्यांनी घरी मलमाच्या बाटल्यांना टाळं लावलं. आणि मग सभागृहात जे झालं ते आक्रीतच. तासन्‌तास बोलणारे मंत्री उभे राहिले, गुडघ्यात कळ आली, "मान्य आहे" म्हणून खाली बसले. विरोधक उठले, बाक धरला, "अमान्य आहे" म्हणून तेही बसले. अध्यक्षांच्या आसनापाशी धावून जाणं बंद पडलं. सभात्यागाची घोषणा झाली, पण त्याग करायला कुणी उठेना. वर्षानुवर्षं रखडलेले कायदे पटापट मंजूर झाले आणि अधिवेशन वेळेआधीच संपलं. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले, लोक म्हणाले, इतकं शिस्तीचं सभागृह कधी बघितलं नव्हतं.

बाहेर दारावर हवालदार बिस्किटांनी भरलेला खिसा घेऊन ताटकळला होता, आणि भोपळ्या दिवसच्या दिवस उभाच होता. ज्याच्यासमोर बसावं असा एकही माणूस त्याला भेटत नव्हता.