बंद इस्पितळाचं शांतता क्षेत्र

बिनतोड वकील बोलायला उभे राहिले की समोरचा वकील आधी घड्याळाकडे बघायचा. त्यांचं खरं नाव वेगळंच होतं, पण दर दोन वाक्यांनी "हा माझा मुद्दा बिनतोड आहे" म्हणायची खोड, म्हणून अख्ख्या कोर्टानं त्यांचं हे बारसं केलेलं! या वेळी मात्र मुद्दा खरोखरच तसा होता हो. शिवाय केस घरची. बायकोचा थोरला भाऊ पत्र्याच्या पेट्या बनवायचा. त्याच्या कारखान्याला नगरपालिकेनं कुलूप ठोकलं होतं. का, तर भिंतीला लागून इस्पितळ, म्हणून तो सगळा भाग शांतता क्षेत्र! तिथे हातोडा वाजवणं बेकायदेशीर! कुलूप निघालं नाही, तर दादाचं चंबूगबाळं त्याच्याच एखाद्या पेटीत भरून त्याला गाव सोडावं लागणार होतं.

"इस्पितळ बंद पडून वर्षं लोटली!" वकील कोर्टात गरजले. "शांततेचा नियम कुणासाठी? रुग्णांसाठी! रुग्णच नाहीत, म्हणजे नियमाचा प्राण गेला. मेलेला नियम जिवंत माणसाच्या पोटावर पाय देतो म्हणजे काय? कुलूप काढा, हातोडा चालू द्या आणि त्या आवाजानं कळवळणारा एक, फक्त एक पेशंट मला तिथे दाखवा. दाखवलात तर मी जागच्या जागी अर्ज मागे घेतो!"

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हे शब्द लिहून घ्या," त्या म्हणाल्या. "उद्या दुपारी पाहणी. कारखान्याचं कुलूप तेवढ्यापुरतं काढून हातोडाही वाजवून बघू."

वकील घरी आले ते जिंकल्यासारखेच! पण दादा दारातच उभा.

"भावोजी, एक सांगायचं राहिलं. आत कुणीतरी आहे."

"कुठे आत?"

"इस्पितळात. कुलूप लागायच्या आधी हातोडा उचलला की भिंतीपलीकडून शूऽऽ असं यायचं. माझे दोन कारागीर घाबरून काम सोडून गेले."

"अरे, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही बोलू कुठे देता!"

"अहो, एकदा आत जाऊन बघून तरी या," बायको काकुळतीला आली. "दादाच्या भाकरीचा प्रश्न आहे." आता बायकोसमोर भितो म्हणायचं कसं? दुसऱ्या दिवशी पाहणीच्या तासभर आधी वकील एकटेच इस्पितळात शिरले.

बाहेर टळटळीत ऊन होतं, पण आत पाऊल टाकताच घामच गार झाला. व्हरांड्यात बोटभर धूळ. खिडक्यांवर जाळी. वकिलांचे बूट टॉक टॉक वाजत होते, आणि प्रत्येक टॉकमागून आणखी एक टॉक येत होता. ते थांबले, की मागचा आवाज क्षणभर उशिरा थांबायचा! प्रतिध्वनी, दुसरं काय, असं स्वतःला बजावत त्यांनी वॉर्डाचं दार ढकललं.

आत धुळीचा कण नव्हता.

ओळीनं खाटा. त्यांवर पांढऱ्याशुभ्र, ताणून बसवलेल्या चादरी. प्रत्येक उशाशी पाण्यानं भरलेला पेला. आणि एका खाटेवर, उशीच्या मधोमध, डोकं टेकल्यासारखा खळगा! तेवढ्यात खिशातला मोबाईल कोकलला. बायको!

"शूऽऽऽ!"

अगदी कानाशी! मान वळवायचा धीर कुठला? वकिलांनी धूम ठोकली, ती ओल्या लादीवर. दोन्ही पाय वर, वकील खाली, नडगीत काडकन आवाज आणि डोळ्यांपुढे काजवे!

शुद्धीवर आले तेव्हा ते खाटेवर होते, पाय फळ्यांत बांधलेला, तोंडात थर्मामीटर. वर एक म्हातारा, सुरकुतलेला, पांढऱ्या टोपीतला चेहरा वाकलेला. वकिलांची बोबडी वळली.

"बोलायचं नाही!" चेहरा म्हणाला. "मी इथली मोठी सिस्टर. इस्पितळ बंद झाल्याचं मला कुणी सांगितलेलं नाही, त्यामुळे रोज येते. लादी नुकतीच पुसली होती. बघून चालायला काय होतं?"

हुश्श! म्हणजे शूऽऽ करणारी ही म्हातारी होती तर! वकिलांना हसावं की रडावं कळेना. तोच दारात कोर्टानं पाठवलेले पाहणी अधिकारी आणि नगरपालिकेचे वकील उभे.

"सापडला!" नगरपालिकेचे वकील आनंदानं ओरडले. "पेशंट!"

बिनतोड वकिलांनी थर्मामीटर उपसला. "मी पेशंट नाही! पाय घसरला, एवढंच! आणि त्या हातोड्याचा मला काडीचा त्रास होणार नाही, लिहून घ्या!"

"बरोबर आहे," अधिकारी म्हणाले. "घसरून पडलेला माणूस म्हणजे काही इस्पितळातला रुग्ण नव्हे. मला वाटतं, कुलूप काढायला..."

ठण्ण!

भिंतीपलीकडे दादानं ठरल्याप्रमाणे हातोडा घातला होता. घाव पत्र्यावर, कळ थेट नडगीत! वकिलांनी दात आवळले. दादाचा चेहरा आठवला, बायकोचा आठवला, उशी चावली. ठण्ण! ठण्ण! डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्यांच्याही नकळत त्यांच्या तोंडून निघालं, "शूऽऽऽ!"

त्याच क्षणी वॉर्डातल्या सगळ्या रिकाम्या खाटांवरूनही तेच निघालं. सिस्टरचे ओठ तर घट्ट मिटलेले होते!

अधिकाऱ्यांनी घाईघाईनं 'त्रास होतो' एवढं लिहिलं. नगरपालिकेच्या वकिलांनी त्यांचा दंड धरला आणि दोघंही पाठ न दाखवता, उलट्या पावलांनी, दाराबाहेर गेले. अर्ज मागे!

सिस्टरनं वकिलांच्या अंगावरची चादर नीट खोचली. "बरं झालं तुम्ही आलात," ती मायेनं म्हणाली. "इतकी वर्षं ही सगळी जीव तोडून सांगतायत हो, पण त्यांना वकील मिळत नव्हता."

हातोडा थांबला होता. भिंतीपलीकडून दादाचा घाबराघुबरा आवाज आला, "भावोजी, ऐकलंत ना? मी सांगत नव्हतो? आणि आज तर त्यांच्यात एक जण वाढलाय!"

बिनतोड वकिलांनी चादर डोक्यावरून ओढून घेतली.