तायडेभाऊंची ठणठणीत माणसं

कोणाच्या घरी आजारपण आलं की शेजारीपाजारी धावतात, नातेवाईक सफरचंदं घेऊन येतात. आमचे तायडेभाऊ उलटे. ज्याचं काहीच दुखत नाही, अशा माणसाच्या दारात ते जाऊन उभे राहतात आणि खुशीत येऊन विचारतात, "काहीच नाई दुखत? सांधे? छाती? वा, बहुत बढिया! बसू का दोन मिनिटं?"

लोक घाबरतात हो! धडधाकट माणसाकडे कोणी इतक्या आशेनं पाहिलं, की त्याला वाटतं हा एकतर विमावाला, नाहीतर किडनीवाला.

मी भाऊंसोबत अमरावतीच्या एका संशोधन केंद्रात काम करते. आमचा प्रश्न साधा, उत्तर महाकठीण. जे लोक वर्षानुवर्षं एक्स-रेच्या खोलीत राबले, त्यांना कॅन्सर जास्त होतो का? आता जास्त म्हणजे कोणापेक्षा? इथून भाऊंचं राज्य सुरू होतं. एक्स-रे खोलीतल्या प्रत्येक माणसाला एक जोड शोधायची. तेवढ्याच वयाची, त्याच भागातली, फक्त एक्स-रेच्या खोलीत कधी काम न केलेली. मग दरवर्षी दोघांनाही भेटायचं आणि तब्येत विचारायची. हिशेब डॉक्टर मंडळी मांडतात, पण उन्हातान्हात फिरून जोड शोधून आणतात तायडेभाऊ. एखादी सापडली की भाऊ असे हरखतात, जसं काही घरातल्या पोरीचं लग्न ठरलं!

चांदूर बाजारला तर मार खायचीच पाळी आली होती. एका ओट्यावर बसून भाऊंनी सरळ सांगून टाकलं, "मले पन्नाशीची बाई पायजे. तब्येत ठणठणीत पायजे. दवाखान्यात काम केलेली नको."

घरातली म्हातारी तडक उठली. "काहून जी, केसं पिकले अन् आता बायको पाहून राह्यले?"

तिचे दोन्ही लेक बाहेर आले. मी ओळखपत्र नाचवत मधे पडले म्हणून निभावलं. परतीच्या वाटेवर मी हसून हसून बेजार, आणि हे आपले हळहळत होते. "ताई, त्या घरची सून एक नंबर जोड होती. वय बरोबर, गाव बरोबर. हातची गेली!"

भाऊंचं एक ठरलेलं वाक्य आहे. "एक म्हंजे किस्सा. हजार म्हंजे विज्ञान." हे ते कुठेही म्हणतात. आमच्या गल्लीत एकाला गाठ निघाली आणि अख्खी गल्ली मोबाईलच्या टॉवरवर उठली. भाऊ पानठेल्यावर एकटे भिडले. "टावरच्या जवळ किती आजारी? दूर किती? मोजले कोनं? अन् टावरचं अन् एक्स-रेचं एक नसते बापा!"

"तुमी टावरवाल्याचे माणूस!" कोणीतरी ओरडलं.

"मी कोनाचाच नाई. एक म्हंजे किस्सा..."

त्या दिवशी त्यांना पानसुद्धा मिळालं नाही.

पण हेच वाक्य ते स्वतःच्या बायकोबद्दलही म्हणायचे, आणि तेव्हा मात्र माझं डोकं फिरायचं. प्रमिलाताई एक्स-रेच्या खोलीत आया होत्या. फोटो काढताना लेकरू रडायला लागलं, की त्याला धरून उभं राहायचं त्यांचं काम. किरणं अडवणारा शिशाचा झगा तिथे एकच, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाच्या अंगावर. आमच्या अभ्यासात त्याही होत्या. पुढे कॅन्सरनं गेल्या. "एक्स-रेमुळेच गेली ना वहिनी?" असं कोणी विचारलं, की भाऊ मान हलवायचे. "मालूम नाई. एक म्हंजे किस्सा." अरे, बायको आहे ना ती तुझी? कसला दगडाचा माणूस म्हणावा हा!

यंदा थंडीत आम्ही अंजनगाव सुर्जीला गेलो. तिथल्या बाजारात शकुंतलाबाई भाजी विकते. भाऊंची सगळ्यात लाडकी जोड. कोणाची जोड, ते मी कधी विचारलं नव्हतं. बाई तोंडाची फटकळ. भाऊ दिसले की दरवर्षी तिचा एकच सवाल, "आले का माहं मरण पाहाले?" आणि भाऊ खो खो हसून वांगी घेणार.

यंदा तिच्या जागेवर दुसरीच बाई बसलेली.

"शकुंतला? तिले पोरीनं अकोल्याले नेलं. आपरेशन केलं म्हंते."

"कायचं?" भाऊंनी विचारलं.

"मले काय मालूम? जुन्या शहरात राह्यते पोरगी."

फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. भाऊंचा चेहरा पार उतरला. "ताई, बसा मांगं."

बाप रे, ती गाडी! बैलगाडीलाही पुढे जाऊ देणारा हा माणूस त्या दिवशी अकोटच्या रस्त्यानं असा सुटला, की मी जीव मुठीत धरून बसले. थोडं हसवावं म्हणून मी म्हटलं, "भाऊ, एक म्हंजे किस्सा ना?"

"चूप बसा हो ताई!"

इतक्या वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले.

अकोल्यात गल्लीगल्लीत विचारत गेलो. अंजनगावची भाजीवाली, पोरीकडे आलेली, आपरेशन झालेली. शेवटी एका अंगणातून आवाज आला, "भाजीत मीठच नाई व! डोये गेले का तुहे?" आणि भाऊंनी करकचून ब्रेक दाबला.

बाजेवर शकुंतलाबाई. डोळ्यावर काळा चष्मा. मोतीबिंदू हो, मोतीबिंदू!

"आले का? मले वाटलं यंदा सुटली!"

भाऊ ओट्यावर मटकन बसले. हसत होते की रडत होते, त्यांचं त्यांनाच कळत नसावं. "बाई, फोन काहून बंद ठेवला?"

"डोयाले पट्टी होती! कोनतं बटन दाबू?"

भाऊंनी नेहमीचे प्रश्न विचारले. भूक लागते? झोप येते? वजन घटलं? सगळं उत्तम होतं. मग बाई पोरीला चहा शिकवायला आत गेली आणि मी हळूच विचारलं, "भाऊ, ही कोणाची जोड?"

त्यांचं लक्ष आतल्या आवाजाकडे होतं.

"प्रमिलेची," ते म्हणाले. "दोघी एकाच वर्साच्या. हिचे केसं पांढरे झाले तवा मले समजलं, तिचे बी आता झाले असते. यंदा चष्मा आला. वर्सातून एकदा येतो ताई, अन् पाहून घेतो, प्रमिला आता किती म्हातारी झाली असती."

याला मी दगड म्हणत होते.

चहा झाला. निघताना भाऊ दारात घुटमळले. "बाई, पुढल्या वर्सी येतो. तुमी मात्र असजा."

"मी कुठी चालली?" शकुंतलाबाई आतूनच ओरडली. "तुमी या!"