वामनरावांचे धणे-गूळ

मराठी आणि गुजराती या दोन भाषांच्या मधले सगळे खड्डे आपल्याला तोंडपाठ आहेत, असा वामनराव मास्तरांचा दावा होता. गुजरातेत, सुभानपुऱ्यातल्या त्यांच्या सोसायटीत पुण्याहून नवी सून आली, की हे आपणहून शिकवणीला हजर! "हे बघ मुली, इथे कुणी 'तमे नवरा छो?' विचारलं तर दचकू नकोस. रिकामे आहात का, एवढंच विचारतात. आणि 'वात' म्हणजे गोष्ट. समईत शोधत बसू नकोस!"

अशा माणसाचा पाय घसरला तो धनत्रयोदशीच्या संध्याकाळी, आणि तोही स्वतःच्या दिवाणखान्यात.

समोरच्या बंगल्यातले जशुभाई पटेल, सविताबेन आणि त्यांचा मुलगा चिराग भेटायला आले होते. जशुभाईंचा गोरव्यात लेथचा कारखाना. माणसं सोन्यासारखी. सविताबेनना तर वामनरावांची लेक फार आवडायची. येता-जाता म्हणायच्या, "तमारी नीरा अमने बहु गमे छे!" आणि वामनराव दर वेळी तोंडभरून सांगायचे, "मग तुमचीच मुलगी की ती!" बोलायला काय जातं!

वामनरावांच्या पत्नी अहल्याबाई आत चकल्या तळत होत्या. पूजा नुकतीच आटोपली होती आणि धणे-गुळाचा नैवेद्य देवापुढे होता.

"नीरा, धणे-गूळ आण गं! सगळ्यांना तुझ्या हातानं दे!"

लेकीनं प्रसाद वाटला, तसा बापाला चेव आला. उभं राहून ते अस्खलित गुजरातीत म्हणाले, "जशुभाई, हवे आपणे एक ज घरना!" आता आपण एकाच घरचे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

पटेल मंडळींनी प्रसाद चटकन तोंडात टाकला. मग सविताबेनच्या डोळ्यांत पाणीच आलं! त्यांनी आपल्या हातातली सोन्याची बांगडी काढून नीराच्या हातात चढवली. जशुभाईंनी अशी मिठी मारली, की वामनरावांचा चष्मा सोफ्याखाली गेला. दिवाळी साजरी करावी तर यांनीच, असं म्हणत ते चष्मा शोधू लागले.

सविताबेननी फाटकापाशीच बातमी फोडली असावी, कारण पाहुणे जाताहेत तोच दारात शेजारणी! "अभिनंदन! साखरपुडा उरकलात आणि आम्हाला पत्ता नाही?"

अहल्याबाई झारा घेऊनच बाहेर आल्या. "अहो, काय दिलंत त्यांना?"

"प्रसाद! धणे-गूळ!"

"अरे देवा! अहो, गुजरात्यांत गोळधाणा खाल्ला म्हणजे सोयरीक पक्की! माहेरच्या गल्लीत, घडियाळी पोळात, लहानपणी किती गोळधाणे खाल्लेत मी!"

वामनराव मटकन खाली बसले. एकुलती एक पोर, तिचं एम.एस्सी. अजून अर्धवट, आणि लग्न ठरवलं कुणी? बापानं, प्रसाद वाटता वाटता! नीरा बांगडीकडे बघत नुसती उभी होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना, तसे ते ताडकन उठले. "आत्ता जातो आणि मोडून येतो!" म्हणत त्यांनी तिच्या हातातली बांगडी काढून खिशात घातली आणि नकाराचं वाक्य घोकत रस्ता ओलांडला.

पण त्यांनी तोंड उघडायच्या आत जशुभाईंनीच हात जोडले. "वामनभाई, माफ करजो. चिराग घाई नको म्हणतो."

सुटलो बुवा, असं म्हणून परत फिरायची ही वेळ. पण वामनरावांच्या कानशिलांना आग लागली.

"घाई नको? म्हणजे नकोच ना? काय कमी आहे हो माझ्या नीरात?"

"अरे, कमी कशी असेल..."

"नाही, सांगाच! विद्यापीठात पहिली आलेली मुलगी! पुरणपोळी करते, स्कूटर उघडून दुरुस्त करते. तुमच्या लेथवर उभी केलीत तर लेथही चालवेल! अशी सून दिवा घेऊन शोधलीत तरी मिळायची नाही!"

तेवढ्यात चिराग आतून आला. "काका, मी नको कुठे म्हणालो? आधी नीराला तर विचारा, एवढंच म्हणालो."

"त्यात विचारायचं काय? होच म्हणेल ती!" वामनराव गरजले. सविताबेननी लगेच त्यांच्या तोंडात पेढा कोंबला.

अर्धा रस्ता ओलांडल्यावर पेढा घशाखाली उतरला आणि आपण काय करून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं.

"मोडलंत का?" अहल्याबाई दारातच उभ्या होत्या.

"म्हणजे... तसं आता बऱ्यापैकी पक्कं झालंय."

नीरानं कपाळावर हात मारला, ओढणी उचलली आणि चपला पायात सरकवल्या. "चिरागशी मीच बोलते. हो की नाही, ते आमचं आम्ही बघू."

"मी येऊ का सोबतीला?" वामनरावांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"नको, बाबा! लग्न मोडायला गेलात ते पक्कं करून आलात. आता नुसते सोबतीला आलात, तर बारशाची तारीख ठरवून याल!"